मेण काठाला लागेपर्यंत

शालूबाईंनी बाहेरच्या खोलीच्या दाराला आतून कडी घातली, ट्यूब आणि पंखा बंद केला आणि खिडकीच्या फटीत नवऱ्याचा जुना बनियन कोंबला. आत तीसेक माणसं कीर्तनाला बसली होती.

"अगं, माणसं उकडून निघतील की!" नवरा, गुंडाभाऊ, कुजबुजले.

"निघू द्या. वारं लागलं तर मेणबत्ती एका अंगानं जळंल."

लेक शंभूराज सीमेवरून सुखरूप रजेवर आला, म्हणून त्यांनी नवसाचं सात दिवसांचं कीर्तन मांडलं होतं. तेही एकाच, मधाच्या मेणाच्या मेणबत्तीच्या उजेडात. कोयनानगरकडे मधाच्या पेट्या ठेवणाऱ्या चांदसाहेबांनी ती तांब्याएवढी जाड मेणबत्ती देताना बजावलं होतं, "वहिनी, मेणाला पहिला दिवस ध्यानात ऱ्हातो. पहिल्यांदा लावली की मेण पार काठापत्तुर पातळ होऊ द्या. मधीच विझवली तर खड्डा पडतो, वात त्यात बुडती. तिसऱ्या दिवशी खेळ खलास."

"किती वेळ लागंल?"

"चार तास धरा."

पंचाईत अशी, की नाथाजीबुवा सांगलीहून यायचे आणि साडेचारच्या एसटीनं परतायचे. त्यांचं आख्यान नेहमी निम्म्यावरच आटपायचं, आणि श्रोते त्याच्याही आधी उठायचे.

तीनला वात पेटली. सव्वाचारला बुवांनी हात जोडले. शालूबाईंनी मेणबत्तीत डोकावलं. मेण पुरीएवढंसुद्धा वितळलं नव्हतं.

"बुवा, कुंभाराचं पोर पुरात व्हावून गेलं, फुडं काय झालं?"

"माउली, माझी एसटी..."

"एसटी उद्या बी हाय. आमचा शंभू गाडीवरनं सोडंल तुमास्नी."

बुवा पुन्हा उभे राहिले. पाचला शेजारच्या बनुबाई कडीशी गेल्या. "शालू, म्हशीची धार काढायचीय गं!"

"म्हशीला दम धर म्हणावं. दार उघडलं की वारं येतंय. बस खाली."

बुवांना यातलं काही ऐकू गेलं नाही. त्यांना दिसत होतं ते एवढंच, की उठलेला माणूस परत बसतोय आणि शालूबाईंची पापणीसुद्धा लवत नाही. तीस वर्षांत असे श्रोते लाभले नव्हते! बुवांचा आवाज चढला. मृदंगावर लालासाहेबांची बोटं सुजली. सातच्या सुमारास कुंभाराचं पोर नदीच्या वाळवंटाला लागलं, आणि मेणही काठाला.

शालूबाईंनी सांडशीनं वात पातळ मेणात बुडवून विझवली, पुन्हा सरळ उभी केली आणि कडी काढली. माणसं दारातच उभी राहून वारं प्याली.

चांदसाहेब घाम पुसत म्हणाले, "वहिनी, एक बोलू? ही पयली जळणी काल सैपाकघरात उरकली असती तर?"

गुंडाभाऊंनी कपाळाला हात लावला. शालूबाई उखडल्या, "मग मघाशी का न्हाई बोललासा?"

"पोर पुरात होतं की वो. ते भाईर निघाल्याबगर कसं बोलायचं?"

दुसऱ्या दिवशी दुप्पट माणसं आली. आख्यानाचा शेवट ऐकायला मिळतो, ही बातमी गावभर झाली होती. बुवा ठेवणीतलं उपरणं घालून आले. चांदसाहेबांनी शालूबाईंच्या कानात सांगितलं, "आज चार तासांच्या वर जळू देऊ नका हां. मेण लय पातळ झालं की भाईर सांडतं."

चार तास झाले. बुवा ऐन रंगात. शालूबाई खोकल्या. प्रसादाचं ताट वाजवून झालं. मेण काठावर थरथरू लागलं, तशा त्या हात जोडून उठल्याच.

"बुवा, तुमची शेवटची एसटी..."

"एसटी उद्याही आहे, माउली!"

पाच दिवसांचं कीर्तन अजून बाकी होतं. शालूबाईंनी सांडशी घेतली आणि वात बुडवली. बंद खोलीत मिट्ट काळोख झाला. आता तरी आटपतील, म्हणून त्यांनी श्वास सोडला.

"पाहिलंत?" अंधारातून बुवांचा गहिवरलेला आवाज आला. "माउलीनं बाहेरचा दिवा शांत केला! आता आतल्या दिव्याची कथा. लालासाहेब, धरा ठेका!"

मृदंग घुमला. कडीजवळून गुंडाभाऊ म्हणाले, "अगं, आता तरी पंखा लाव."