पाणसोडीचा शनिवार

मुलांनो, आधी माफी मागून घेतो. माझी शाळा आठवीत सुटली. माझं ऱ्हस्व-दीर्घ कच्चं आहे आणि मोठे शब्द मला येत नाहीत. कुठं चूक दिसली तर पेन्सिलीनं दुरुस्त करा आणि पुढं वाचा. गोष्ट सोपी आहे.

एका जंगलात एक धनेश राहत होता. धनेश म्हणजे मोठ्या चोचीचा पक्षी. याची चोच एवढी मोठी होती की तो बोलायच्या आधीच सगळ्यांना त्याचं म्हणणं पटायचं. त्याच्या गळ्यात कॅमेरा असे.

धनेशाला सणांचे फोटो काढायचा नाद होता. पुढं पुढं तो इतरांनाही बरोबर नेऊ लागला. त्या वर्षी लांबलांबच्या जंगलांतले बारा पाहुणे त्याच्याबरोबर सहलीला यायचे होते. बाराही जणांकडे कॅमेरे होते.

धनेशानं सागाच्या पानावर वेळापत्रक काढलं. नऊ दिवसांत चार सण. सोमवारी सशांची गवतपूजा. बुधवारी अस्वलांचा पोळेउतार. शुक्रवारी मुंग्यांची पालखी. मुंग्यांची पालखी रोजच असते, त्यामुळे तिची काळजी नव्हती. शनिवारी पाणमांजरांची पाणसोड. त्यानंतर पाहुण्यांना विश्रांती आणि परतीचा प्रवास.

सगळं बसलं. फक्त पाणसोडीची तारीख कोणालाच माहीत नव्हती. म्हणून धनेश उडत उडत नदीवर गेला.

नदीच्या डोहाशी एक गोल दगड होता. तो पाणमांजरांचा देव. देवाचा गुरव म्हणजे एक म्हातारं खवल्या मांजर. त्याला सगळे गुरवबाबा म्हणत. गुरवबाबा दगडाभोवतीचा पालापाचोळा झाडत होता.

"गुरवबाबा, पाणसोड कधी आहे?" धनेशानं विचारलं.

"कौल मिळेल तेव्हा."

"कौल कधी मिळेल?"

"मासळीची अंडी घालून झाली की."

"म्हणजे साधारण कोणत्या वारी?"

"मासळीला वार कळत नाहीत हो," गुरवबाबा म्हणाला आणि पुन्हा झाडू लागला.

मुलांनो, तिथली रीत अशी होती. नदीला लाल पाणी आलं की पाणमांजरं मासे खाणं बंद करत. खेकडे खायचे, गोगलगायी खायच्या, कुरकुर करायची, पण माशाला तोंड लावायचं नाही. रोज सकाळी तानी नावाची पाणमांजर उथळ पाण्यात बुडी मारायची आणि मासळीच्या पोटाला हात लावून बघायची. पोटं रिकामी लागली की ती गुरवबाबाला सांगायची. मग गुरवबाबा देवाला दोन ओली पानं चिकटवायचा, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि विचारायचा, "देवा, पाणी सोडू का?" म्हणजे मासे धरायला डोह मोकळा करू का? उजवं पान आधी पडलं तर हो. डावं पडलं तर थांबा. हो म्हटलं की त्याच दिवशी पाणसोड. तानी पहिला मासा धरून उन्हाकडे उंच करायची, आणि मग सगळे पाण्यात उड्या घ्यायचे.

तानीला चार पिल्लं होती. अजून पोहायला शिकत होती. डोहात मासे राहिले तर ती पिल्लं डोहात मोठी होणार होती. मासे संपले तर खालच्या मोठ्या पाण्याकडे जावं लागणार होतं, आणि तिथं मगरी होत्या. तानी त्या पाण्याचं नावसुद्धा घेत नसे.

धनेश पाणमांजरांच्या पाटलाकडे गेला. त्यानं पाटलाला एक फोटो दाखवला. पलीकडच्या जंगलातल्या माकडांच्या सणाचा होता.

"हे कोण?" पाटलानं विचारलं.

"तिथले पाटील."

"एवढे रुबाबदार आहेत?"

"नव्हते. फोटोत झाले. आता हंगामात तिथं चारशे पाहुणे येतात."

पाटलानं मिशीवरून हात फिरवला. पाणमांजराला मिशी असतेच, पण त्या दिवशी पाटलाला ती पहिल्यांदा जाणवली.

"शनिवारी पाणसोड झाली तर बरं होईल," धनेश म्हणाला.

"छे, छे. देवाच्या मर्जीबाहेर आम्ही काही करत नाही," पाटील म्हणाला. "पण विचारायला काय हरकत आहे?"

तानी पाण्यातून वर आली. "पाटील, अजून पोटं भरलेली आहेत."

"आम्ही कुठं मासे धरतोय? आम्ही फक्त विचारतोय."

सगळे दगडाशी जमले. गुरवबाबानं पानं चिकटवली. "देवा, शनिवारी पाणी सोडू का?"

डावं पान पडलं.

"पान नीट चिकटलं नव्हतं," धनेश म्हणाला.

पुन्हा चिकटवलं. डावं पडलं.

"प्रश्न चुकला," पाटील म्हणाला. "शनिवारी सकाळी, असं विचार."

डावं पडलं.

"पाहुणे लांबून येणार आहेत, हे देवाला सांगितलं का?"

सांगितलं. डावं पडलं.

"आधी पाणसोड करून घेऊ, माफी नंतर मागू, असं विचार."

या वेळी डावं पान तर चिकटवतानाच पडलं.

"अहो पाटील," तानी म्हणाली, "पाच वेळा नाही म्हटलंय त्यानं. घरी पोरानं पाच वेळा नाही म्हटलं तर आपणही ताट उचलतो."

"देव काय पोर आहे का? बायकांनी कौलात बोलू नये."

"मग मासळीची पोटं उद्यापासून तुम्हीच बघा. पाणी गार आहे."

दोनचार पाणमांजरं हसली. पाटलानं त्यांच्याकडे बघितलं आणि ती हसायची थांबली.

आणखी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा डावंच पडलं. आठव्या वेळी गुरवबाबा पुन्हा पुढं झाला. त्यानं पानं चिकटवली. प्रश्न विचारणार, तेवढ्यात धनेशानं आळस देऊन दोन्ही पंख झटकले. धनेशाच्या पंखांना वारा फार असतो. उजवं पान पडलं.

"मिळाला!" पाटील ओरडला. "कौल मिळाला! देवानं ऐकलं!"

"अजून विचारलं कुठं होतं?" तानी म्हणाली.

"देवाला आधीच कळतं," धनेश म्हणाला.

सगळ्यांनी गुरवबाबाकडे बघितलं. खवल्या मांजर घाबरलं की त्याचा गोळा होतो. गुरवबाबाचा गोळा झाला. तो देवापुढे वाकलाय असं सगळ्यांना वाटलं, आणि सगळेच वाकले.

शनिवारी लख्ख ऊन पडलं. पाटील म्हणाला, "बघा, देवाची मर्जी."

बारा पाहुणे काठावर ओळीनं बसले. तानीला पाण्यात उतरवलं. तिनं बुडी मारली, पहिला मासा धरला, आणि लगेच सोडून दिला.

"अहो बाई, सोडता काय?" धनेश ओरडला. "आत्ता कुठं फोकस होत होता!"

"पोट भरलंय हिचं."

"म्हणूनच छान दिसते. गुबगुबीत."

"तानी," पाटील हळूच म्हणाला, "पाहुण्यांसमोर शोभा करू नकोस. तुझी पोरं याच डोहात राहायची आहेत ना? मग गावाबरोबर राहा."

तानीनं काठाकडे बघितलं. तिची चार पिल्लं सगळ्यांच्या पायांमधून डोकी काढून आईकडे बघत होती. तिनं पुन्हा बुडी मारली. मासा धरला आणि उन्हाकडे उंच केला. तिच्या हातांवरून अंडी खाली ओघळली. उन्हात ती सोन्याच्या मण्यांसारखी चमकली.

"अप्रतिम!" बारा पाहुणे म्हणाले.

पण प्रत्येकाला वेगळ्या बाजूनं फोटो हवा होता. एकाच्या फोटोत पाटलाची शेपटी आली होती. एकाचं झाकण काढायचं राहिलं होतं. एकाला अंडी जरा जास्त हवी होती. म्हणून त्या दिवशी पहिला मासा बारा वेळा धरला गेला. मग बाकीच्यांनी उड्या घेतल्या. दीड महिना खेकडे खाल्ले होते. कोणीही मागं राहिलं नाही.

संध्याकाळी पाहुण्यांनी सगळ्यांचे आभार मानले. तानीनं धनेशाला विचारलं, "आणि पुढच्या वर्षी?"

"काळजी करू नका," धनेश म्हणाला. "पुढच्या वर्षी तारीख मी आधीच कळवतो."

नवी मासळी झालीच नाही. थंडी येईपर्यंत डोहातली जुनीही संपली. तानी चार पिल्लं घेऊन खालच्या मोठ्या पाण्याकडे निघाली. पोचली तेव्हा तीन होती.

धनेशाच्या फोटोला मोठ्या वडाखालच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. फोटोखाली लिहिलं होतं : 'समृद्धी.' त्यामुळे डोहाचं नाव झालं आणि पुढच्या वर्षी खरोखरच चारशे पाहुणे आले.

डोहात आता पाटील आणि आणखी दोघंतिघंच उरले आहेत. ते पाहुण्यांनी आणलेला फराळ खातात. पाणसोड दर शनिवारी असते. पहिला मासा लाकडाचा केला आहे, कारण तो वळवळत नाही आणि हातातून सुटला तरी तरंगतो. कौलही लावतात. पाहुण्यांना कौल फार आवडतो. उजवं पान दरवेळी पडतं. डावं हल्ली लावतच नाहीत.

तात्पर्य : देवाला एकदा विचारून थांबू नये. पाहुण्यांची तारीख जुळेपर्यंत विचारत राहावं. देव दमतो. पाहुणे दमत नाहीत.

ही गोष्ट लिहून झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर गेलो. मी एका सहलीच्या ऑफिसात कामाला आहे. आमच्याकडे फोटो काढणारी मंडळी येतात. डोंगरातल्या एका गावी लाकडी मुखवटे घालून नाचतात, त्या गावच्या काकांना मला फोन करायचा होता. काका म्हणाले, "बाळा, तुमची गाडी कधी येतेय ते सांग. त्या हिशोबानं आम्ही मुखवटे बाहेर काढतो." मला फोनवर फारसं बोलता येत नाही. मी एवढंच म्हणालो, "काका, तुमचा दिवस ठरला की मला सांगा. गाडी तेव्हा येईल." मग साहेब यायच्या आत मी भिंतीवरच्या वेळापत्रकातला त्या गावापुढचा रविवार पुसला, आणि ती जागा कोरी ठेवली.