घरचं, म्हणजे निर्धोक

रविवारी सकाळी पार्लरवाल्या बाईंनी न्हाणीघरातली फळी रिकामी केली, सगळ्या बाटल्या एका पोत्यात कोंबल्या आणि जाहीर केलं, "आजपासून या घरात विष येणार नाही."

त्यांचे यजमान दारात उभे होते. एका गालाला फेस, दुसरा गाल कोरडा. फेसाचा डबा पोत्यात गेला होता.

"उरलेल्या गालाचं काय करू?"

"घरी करून देते."

"गाल?"

"फेस. आणि सकाळीसकाळी टिंगल नको."

बाई काही अडाणी नव्हत्या, बरं का. स्वतःचं पार्लर होतं, आणि दिवसभर दुसऱ्यांच्या डोक्यांना रंग लावून त्यांच्या बोटांची टोकं कायमची तपकिरी झाली होती. पण गेल्या आठवड्यात एक गिऱ्हाईक डोक्यावर रंग थापून बसलेलं असताना मोबाइलवर काहीतरी मोठमोठ्याने वाचू लागलं. क्रीम, शाम्पू, काखेत मारायचे फवारे, आणि वाढत्या वयाच्या मुलींच्या अंगात त्यातून काय काय शिरतं, असा सगळा मजकूर होता. वाचून झाल्यावर त्या गिऱ्हाइकाने मोबाइल पर्समध्ये टाकला आणि चहा मागवला. तिला मुलगी नव्हती. बाईंना होती, एकुलती, आणि तीही डॉक्टरांनी हात टेकल्यावर झालेली. तेव्हापासून बाईंना घास गोड लागेना.

लेक नववीत होती आणि हँडबॉल खेळायची. गोलात उभी राहिली की चेंडू आत जाऊ द्यायची नाही, म्हणून संघातल्या मुली तिला 'भिंत' म्हणायच्या. शहराच्या संघाची निवड पुढच्या शनिवारी होती. वर्षभर पोरीने दुसरं काही बोलणं काढलं नव्हतं.

तर बाई कामाला लागल्या. खायचा सोडा, खोबरेल, वरून लिंबाचा रस. घोटून घोटून पांढराशुभ्र लगदा झाला. तो त्यांनी काचेच्या बरणीत भरला आणि लेकीच्या हातात दिला.

"फवारा बंद. रोज अंघोळ झाली की हे काखेत लावायचं. घरचं आहे, हवं तर खाल्लंस तरी चालेल."

लेकीने बरणीचा वास घेतला आणि मान डोलावली. शहाणी पोर.

यश आलं की माणसाला गप्प बसवत नाही. बुधवारपर्यंत बाईंनी आणखी घाणा काढला आणि पार्लरमधल्या खास गिऱ्हाइकांना बरण्या वाटल्या. "माझी लेक वापरते," त्या प्रत्येकीला सांगायच्या, "एका शब्दाची तक्रार नाही." यजमानांना त्याच लगद्याने दाढी करावी लागली. त्यांची तक्रार होती, पण ती कुणी विचारात घेत नव्हतं.

शनिवारी बाई पार्लर बंद ठेवून मैदानावर गेल्या. पहिला चेंडू खालून आला, भिंतीने पायाने अडवला. दुसरा डोक्यावरून आला. पोरीने हात अर्धा उचलला आणि खाली घेतला. गोल झाला. तिसराही तसाच गेला.

"हात वर कर ग!" बाई कडेने ओरडल्या.

प्रशिक्षकांनी बाईंकडे वळून विचारलं, "आज हिला झालंय काय? घाबरलीय का?"

"घाबरणाऱ्यातली नाही ती," बाई म्हणाल्या. आणि त्याच क्षणी त्यांना सगळा उलगडा झाला. इतकी वर्षं ते फवारे मारले, त्याचाच हा परिणाम! हातातली ताकदच गेली पोरीच्या. विष अंगात भिनलं ते भिनलंच.

चौथा चेंडू आत गेल्यावर प्रशिक्षकांनी दुसऱ्या मुलीला उभं केलं. निवड तिची झाली.

दोघी घरी आल्या. बाईंनी दार लावलं आणि बरणी पुढे केली.

"काळजी करू नको. आजपासून दिवसातून दोनदा लावायचं. सगळं बाहेर निघेल."

तेव्हा मात्र पोरीचा बांध फुटला. तिने रडत रडत बाही वर केली. काख भाजल्यासारखी लालभडक झाली होती, कातडी सोलवटून निघाली होती.

डॉक्टरीणबाईंनी बघितलं, बरणीत काय आहे ते विचारलं आणि म्हणाल्या, "सोडा आणि लिंबू, तेही रोज? आधी थोडंसं लावून बघायचं होतं."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गिऱ्हाइकाच्या कानामागे थेंबभर लावून दोन दिवस वाट बघितल्याशिवाय त्या कुणाच्या केसाला रंग लावत नसत. लग्न तोंडावर आलेल्या नवरीलासुद्धा त्यांनी परत पाठवलं होतं. "घरचं होतं ना," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

आल्या आल्या त्यांनी बरण्या नेलेल्या सगळ्यांना फोन लावले. टाकून द्या, अंगाला लावू नका. एकजण म्हणाली, "अंगाला कशाला? मी बेसिन घासते त्याने. लख्ख निघालंय. अजून एक बरणी मिळेल का?"

बाईंनी फोन ठेवला आणि लेकीच्या खोलीत गेल्या. पोर हात लांब धरून पलंगावर पडली होती. बाई पायाशी बसल्या.

"कधीपासून आग होत होती?"

"सोमवारपासून."

"अगं मग बोलली का नाहीस? मी रोज सकाळी विचारत होते ना, बरं वाटतंय का म्हणून?"

"तू किती खूश होतीस आई. त्याआधी आठवडाभर तू नीट जेवलीही नव्हतीस. मला वाटलं, आग होतेय म्हटलं तर तू परत घाबरशील."

बाईंच्या आता ध्यानात आलं. ज्या भीतीपायी पोरीला जपायला निघालो, तीच भीती पोर आठवडाभर काखेत घेऊन हिंडत होती, आणि आपण गावभर सांगत होतो, एका शब्दाची तक्रार नाही म्हणून. त्यांनी डोळे पुसले, डॉक्टरीणबाईंचं मलम उघडलं, हलक्या हाताने लावलं आणि भीतभीत विचारलं,

"आता बरं वाटतंय का?"

पोर म्हणाली,

"नाही. खूप झोंबतंय. आणि निवडीवरून तर तुझ्यावर अजून रागावलेय मी."

लेकीचं दुखणं ऐकून कुठल्या आईला हायसं वाटू नये. बाईंना मात्र हायसं वाटलं.