निळं दार

जागतिक क्रीडामहोत्सवाची मॅरेथॉन ज्या रस्त्याने जाणार होती, त्या रस्त्यावर किल्लीवाल्याचं दुकान पूर्वीपासून होतं. ही बाब सुशोभीकरण विभागाच्या ध्यानात उशिरा आली आणि हा विलंब दुकानाचा दोष मानण्यात आला. पोपडे आलेली भिंत आणि खिळ्यांना लटकलेल्या शेकडो किल्ल्या यांमुळे धावपटूंची एकाग्रता भंगू शकते, असा अहवाल होता. पाडकामाला वेळ नव्हता. सबब, दुकानावर जाड कापडाचा पडदा ठोकून त्यावर त्याच दुकानाचं, परंतु सुधारित, चित्र काढण्याचं ठरलं.

चित्रकार सरकारी असूनही मनस्वी निघाला. त्याने संध्याकाळ नुकतीच विरघळल्यासारखं निळं दार रंगवलं, आणि उंबऱ्यावर एक झोपलेलं मांजर.

"दार बंद का काढलंत?" किल्लीवाल्याने विचारलं.

"उघडं काढलं तर आतलं दाखवावं लागेल. आतल्याला मंजुरी नाही."

"आणि आम्ही ये-जा कुठून करायची?" त्याची बायको पदर खोचून पुढे आली. दोघांचा संसार दुकानामागच्या खोलीतच होता.

"पंधरा दिवसांचा प्रश्न आहे, ताई," विभागाचा अधिकारी म्हणाला. "शहराच्या अब्रूसाठी एवढं तर कराल?"

"अब्रू तुमची आणि कोंडायचं आम्हाला!"

शेवटी शेजारच्या धोबीणमावशींच्या न्हाणीघराची मागची खिडकी हाच रस्ता ठरला. गिऱ्हाइकाने आधी खाकरायचं, मावशींनी "थांबा, डोक्यावर पाणी घेतेय" म्हटलं की थांबायचं. दोन दिवसांत गिऱ्हाइकं संपली. स्वतःच्या घराबाहेर अडकलेला माणूस दुसऱ्याच्या न्हाणीघराबाहेर अडकायला राजी नसतो.

तिसऱ्या दिवशी निरीक्षण समितीचे परदेशी पाहुणे पडद्यासमोर थांबले. त्यांच्या बॅगेची किल्ली हरवली होती.

"काय सुंदर दुकान!" ते म्हणाले. "कारागिराला बोलवा."

अधिकारी लगबगीने पुढे झाला. "आज साप्ताहिक सुट्टी आहे, सर."

"अहो साहेब, कसली सुट्टी? मी आत आहे!" पडद्यामागून आवाज आला.

पाहुण्यांनी दचकून मांजराकडे पाहिलं.

"ध्वनिवर्धकाची चाचणी चालू आहे," अधिकारी म्हणाला.

पाहुणे चिकाटीचे होते. ते रोज आले. रोज सुट्टी होती. अखेर विभागाने 'साप्ताहिक सुट्टी: सोमवार ते रविवार' असं पत्रक काढलं आणि पाहुण्यांनी, कारागिरांच्या विश्रांतीबद्दलच्या या आस्थेने भारावून, त्यावर स्वहस्ते शेरा मारून सही केली. महोत्सव संपला. बॅग बंदच मायदेशी गेली.

सोळाव्या दिवशी किल्लीवाला न्हाणीघरातून निघून, खांद्यावर साबणाचा फेस घेऊन, परवाना कार्यालयात पोहोचला.

"पडदा काढा. दुकान उघडायचंय."

कारकुनाने फाइल उलटली. "पंधरा दिवस सलग बंद राहिलेल्या दुकानाचा परवाना रद्द होतो. तुमचा झाला."

"बंद नव्हतं हो! मी आत बसून होतो."

"पुरावा?"

"मीच की. समोर उभा आहे!"

"समोर आहात, म्हणजे दुकानात नाही. मुद्दा आमच्याच बाजूचा झाला." कारकून हळहळला. "नवा परवाना मिळेल. तपासणीच्या वेळी दार उघडून दाखवा."

"त्यासाठी पडदा फाडावा लागेल."

"छे, छे! तो आता महोत्सवाचा वारसा आहे. फाडलात तर तुरुंग."

घरी परतल्यावर बायकोने विचारलं, "काय म्हणाले?"

"दार उघडा म्हणाले."

"तीस वर्षं गावाची दारं उघडलीत. हेही उघडा."

त्याने हत्यारांची पेटी उघडली. मग कानस घेऊन, पडद्याच्या उलट्या बाजूला, निळं दार जिथे असावं त्या अंदाजाने, हलक्या हाताने ठोठावू लागला. अजून ठोठावतो. कुणीतरी थांबेल आणि म्हणेल की आत माणूस आहे. परवान्यासाठी त्याला तेवढी एक साक्ष पुरेल.

गेल्या आठवड्यात तुमच्या घराची किल्ली हरवली. किल्लीवाला शोधत तुम्हीही त्या रस्त्याला आला होतात. ठकठक तुम्ही ऐकलीत. "कोण आहे? कुलूप कुठल्या बनावटीचं?" हेही ऐकलंत. मग दोन पावलं मागे सरलात, मांजर नीट मावेल असा फोटो काढलात आणि घरच्यांना पाठवताना त्याखाली लिहिलंत, "काय जिवंत चित्र आहे!"