घोंगडं, सायकल आणि हरणाबाईचा निकाल

जॅकेट घालायचं नाही, एवढंच मी ठरवलं होतं. बाकीचं सगळं वाऱ्यानं केलं.

पोरगा तानाजी ते फुगलेलं जॅकेट घेऊन दारात उभा. "आये, जानेवारीचा वारा हाय. सातारा ते कुंडल, मावशीच्या दारापातूर सायकलीवर म्हंजे खेळ वाटला व्हय?"

"आरं, मेंढरांमागं जलम काढला मी. माझं घोंगडं हाय!" (सायकल मी साठीनंतर शिकले, कुणाचा हात न धरता. वाचायलाही तशीच. दोन्हीत धडपडले, पण कुणाला उचलू दिलं नाही.)

"बरं. मी टेम्पो घिऊन मागं येतो. टेम्पोत बसलीस, की सायकल इकणार. बोल!"

"ईक!"

बोलून गेले आणि मग ध्यानात आलं. त्या सायकलीवर मी एकटी बाजारात जाते, बँकेत जाते. ती गेली की 'तानाजी, जरा सोड रं मला' म्हणत उंबऱ्यावर बसायचं. मी? अंबूबाईनं?

कराडपर्यंत घोंगड्याची ऊब आणि माझा तोरा, दोन्ही टिकले. कराड सोडलं आणि वारा समोरून अंगावर धावून आला. पायडल मारावं तितकं मागं ढकली. बोटं ब्रेकवर आहेत की नाहीत, हे खाली बघून ठरवावं लागे. त्यात घोंगडं शिडासारखं फुगलं. (शीड मी पाहिलेलं नाही. वाचलंय.)

उतार लागला. समोरून उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या रस्ताभर डुलत. नेमका तेव्हाच वारा फिरला आणि घोंगडं माझ्या तोंडावर! डोळ्यांपुढं काळोख, कानात हॉर्न आणि तानाजीची बोंब, "आये, डावीकडं! डावीकडं घे!"

घेतली. उसाची पानं गालाला घासून गेली. लगेच कर्रकन आवाज झाला आणि सायकल जागीच थांबली. घोंगड्याच्या दशा चेनमध्ये पार आत गेलेल्या, आणि मी घोंगड्यात करकचून आवळलेली. उतरताही येईना.

तानाजी विळा घेऊन धावला. "कापतो."

"हात लावून बघ! आईनं कातलेली लोकर हाय ती!"

"मग टेम्पोत बस."

"बसणार न्हाई. सायकलीसकट उचल मला!"

ट्रॅक्टरवाल्यांनी हात दिला. सायकल टेम्पोत दोरीनं बांधली, वर मी.

"ह्ये टेम्पोत बसल्यातच जमा हाय, आये."

"मी सायकलीवर बसलीया. टेम्पोत सायकल बसलीया!"

"मावशी ठरवंल. कबूल?"

"कबूल!" म्हणाले खरी, पण कुंडलला दिलेली माझी थोरली बहीण हरणाबाई खोटं बोलायची नाही. माझ्यासाठी तर मुळीच नाही.

वाटभर मी मनात वकिली घोटली. पण उघड्या टेम्पोत वारा चारी बाजूंनी. कुंडल येईतो दातखीळ बसली, मान वळेना, जीभ हलेना. हरणाबाईच्या दारात टेम्पो थांबला, तेव्हा मी ताठ, नजर समोर. शेजारचा जोतीराम वर बघून म्हणाला, "पुतळा लय झ्याक झालाय! कुठं बसवायचा?"

हरणाबाई बाहेर आली. तानाजीनं विचारलं, "मावशे, नीट बघून सांग. टेम्पोत बसलीया ती आयच न्हवं?"

माझा जीव सायकलीत अडकलेला, आणि तोंडातून हूं की चूं निघेना. हरणाबाईनं मला खालून वर निरखलं.

"तोंडावळा हाय अंबूचा. पण ही अंबू न्हाई. ती एवढा येळ गप बसली असती व्हय?"

तानाजी माझ्या कानाशी वाकला. "मावशी म्हणती टेम्पोत तू न्हाईसच. सायकल तुझी, आये. आता तेवढं तोंड उघडू नगंस, न्हाईतर हरशील."