उत्तर वरच

"फोटो उलटा लावा, काका. सावली आपल्याकडे पडू दे. नाहीतर खड्डा टेकाड दिसतो आणि टेकाड खड्डा!" खोदकामाच्या प्रमुख बाई सांगून सांगून थकल्या होत्या. पण नकाशेकाकांनी उभ्या जन्मात उत्तर दिशा खाली येऊ दिली नव्हती. विमानातून काढलेला माळाचा फोटो त्यांनी उत्तर वर करूनच भिंतीवर ठोकला. मग खड्ड्यावर लाल टिकली लावली, टेकाडावर हिरवी.

माळ चुनखडीचा. पाणी आतला दगड खात जाते आणि वरची जमीन खचते. अशा खड्ड्यांच्या पोटात गुहा असतात आणि गुहांत कधीकधी फार जुन्या माणसांच्या खुणा. आज एखादी तरी खूण सापडली नाही, तर काम कायमचे बंद, असे वरून बजावले होते. त्या घाईत बाईंनी फोटो तपासलाच नाही.

लाल टिकलीच्या जागी सगळे पोचले. वारा भणाणत होता. पार क्षितिजापर्यंत दिसत होते.

"काका, खड्ड्यातून एवढं लांबचं दिसतं होय?" बाईंनी विचारले.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. हिरव्या टिकलीवर तंबू ठोकायला पाठवलेला ड्रायव्हर किंचाळत होता.

"काका, खुंटी आत गेली!"

"आत जायलाच ठोकतात रे!"

"अहो, सगळीच गेली! मागोमाग हातोडा गेला. आता तंबू निघालाय!"

"टेकाडावरून कुठं निघालाय?"

"कसलं डोंबलाचं टेकाड! मी खड्ड्यात आहे!"

सगळे धावत सुटले. ड्रायव्हर तंबूच्या दोरीला लोंबकळून पांढराफटक पडला होता. बाई पालथ्या पडल्या आणि भोकात विजेरी धरली. खाली दगडांची गोल चूल होती, शेजारी हातोडा. भिंतीवर लाल रंगाचे पंजेच पंजे उमटले होते, जणू वर हात करून कोणी म्हणत होते, "बास, आणखी काही टाकू नका!"

बऱ्याच वेळाने बाई उठल्या.

"याला काय उत्तर आहे तुमच्याकडे, काका?"

"वर आहे, बाई," काका पुटपुटले. "फोटोत."

दुसऱ्या दिवशी नवा फोटो आला. बाईंनी तो स्वतःच घेतला, इकडे फिरवला, तिकडे फिरवला. कोणी बघत नाही याची खात्री केली आणि गुपचूप उत्तर वर करून लावला.