मंगळवारची पाहणी

नायब सुभेदार जयसिंगराव निकम यांनी आयुष्यात स्वतःसाठी म्हणून घर कधी निवडलं नव्हतं. बदली झाली की फौज क्वार्टर देई. त्या क्वार्टरात आधीच्या माणसाने ठोकलेले खिळे असत आणि त्या खिळ्यांवर जयसिंगरावांचे कपडे लटकत. शेजार आवडला का, असा प्रश्न फौजेत कुणी विचारत नाही. पुण्याजवळच्या डेपोत बदली झाली आणि इथे क्वार्टरसाठी मोठी रांग आहे असं कळलं, तेव्हा दुसरा कुणी वैतागला असता. जयसिंगराव खूश झाले. या वेळी घर आपण निवडायचं, तेही रीतसर पाहणी करून, असं त्यांनी ठरवलं. (इथेच कुणीतरी त्यांना थांबवायला हवं होतं. पण ते ज्यांचं ऐकतात त्या त्यांच्या पत्नी, गौतमीवहिनी, तेव्हा जबलपूरला होत्या.)

वहिनींची अट साधी होती. जबलपूरच्या क्वार्टरामागे बँडच्या सरावाचं मैदान होतं आणि तिथे नवी पोरं बॅगपाइप शिकत. शिकणारा बदलत राही, धून तीच. त्या धुनेवर वहिनींनी तीन वर्षं पोळ्या लाटल्या आणि त्यांच्या जुईलीने नववीपर्यंतचा अभ्यास केला. आता पोरीची दहावी होती. वहिनी फोनवर म्हणाल्या, “शांत जागा बघा, आणि चार माणसांतली बघा. नाही जमलं तर सरळ सांगा. मी तिला घेऊन फलटणला आईकडे राहते, तुम्ही राहा मेसमध्ये.”

त्यांनी आवाज चढवला नव्हता, म्हणून जयसिंगरावांना धडकी भरली. जुईली पहिलं पाऊल टाकत होती तेव्हा ते सीमेवर होते आणि तिचा पहिला दात पडला तेव्हाही सीमेवरच होते, फक्त दुसऱ्या. आणखी दोन-तीन वर्षांत पोरगी शिकायला बाहेर जाईल. हे एक वर्ष तरी संध्याकाळी घरी जावं आणि ती समोर दिसावी, एवढंच त्यांना हवं होतं. असलं ते कुणापाशी बोलले नसते, पण पाहणीला निघाले ते याचसाठी.

तोवर मुक्काम मेसमध्ये होता. त्यांच्या खोलीत वाल्मीक नावाचा दुसरा नायब सुभेदार होता. हा वाल्मीक मोठा मायाळू. रोज सकाळी डोळे उघडले की त्याचा पहिला प्रश्न असे, “निकम, घर मिळालं का?” त्याचे डोळे सकाळी लाल असत. डेपोत धूळ फार, असं जयसिंगरावांचं मत होतं.

रविवारी डेपोत मालाची मोजदाद चालू होती, म्हणून जयसिंगरावांना बदली सुट्टी मंगळवारी मिळे. पहिल्या मंगळवारी त्यांनी सूस गाठलं. फ्लॅट छान होता, पण शेजारी कोण राहतं हे मालकाला ठाऊक नव्हतं आणि शेजाऱ्यालाही मालक ठाऊक नव्हता. ही काही चार माणसांतली जागा नव्हे. मग भुकूमची एक नवी सोसायटी झाली. तिच्या जाहिरातीत ‘फॅमिली-फ्रेंडली’ असं सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं आणि एक हसरं कुटुंब हिरवळीवर पळत होतं. गेटवरच्या पोराने जयसिंगरावांकडे ओटीपी मागितला. निम्मी नोकरी गेटवर लोकांना अडवण्यात गेलेल्या माणसाला कुणीतरी प्रथमच अडवत होतं. त्यांनी त्या पोराच्या उभं राहण्याच्या पद्धतीत दोन चुका दाखवल्या आणि ते परत फिरले.

पुढच्या मंगळवारी ते रिह्याच्या खोऱ्यात शिरले. तिथल्या एका वाडीत कोंडाजी नावाच्या शेतकऱ्याने भाड्याने द्यायला खोल्या बांधल्या होत्या. पाहणीला जाताना वाहन लांब ठेवून पायी जायचं, म्हणजे जागा खरी दिसते, ही जयसिंगरावांची शिस्त. त्यांनी मोटरसायकल शिवेवरच्या वाघजाईच्या देवळापाशी लावली, ऊन लागत होतं म्हणून टोपी काढून घाम पुसला आणि चालत वाडीत गेले.

आणि त्यांना ऐकू आली ती शांतता. ट्रॅक्टर नाही, मोटरसायकल नाही, पाण्याचा पंपसुद्धा नाही. बाया ओट्यावर बसून हळू आवाजात बोलत होत्या. खोल्यांच्या मागे पत्र्याची एक मोठी शेड होती, तिला कुलूप. उरलेली निम्मी नोकरी स्टोअरमध्ये गेलेल्या जयसिंगरावांनी ते गोदाम असणार हे बघताक्षणी ओळखलं. गोदामाचा शेजार सगळ्यांत उत्तम, तिथे रात्री कुणी नसतं.

कोंडाजींनी पाणी दिलं, नाव-गाव विचारलं. जयसिंगराव म्हणाले, बोलणं नंतर, आधी थोडा वेळ नुसतं बसतो. मग पडवीत मांडी घालून, डोळे मिटून ते बराच वेळ आवाज ऐकत बसले. एक चिमणी बोलली, तिची त्यांनी मनात नोंद घेतली.

एका पाहणीवर विसंबणारे ते नव्हते. तुलना करायची तर वार आणि वेळ तीच हवी, म्हणून पुढच्या दोन्ही मंगळवारी ते गेले, गाडी देवळापाशी लावली, टोपी काढली, पडवीत बसून डोळे मिटले. तिसऱ्या खेपेला कोंडाजींनी आपण होऊन भाडं कमी केलं. दुसरी दोन बिऱ्हाडं मागत होती, त्यांना नाही म्हणाले. जयसिंगरावांना वाटलं, वर्दीचा मान आहे. त्यांनी वहिनींना कळवलं, की अशी जागा पुणे जिल्ह्यात दुसरी नाही, या.

मे महिन्यात वहिनी आणि जुईली आल्या, मागून सामानाचा ट्रक आला. अर्थातच मंगळवारी. ट्रक शिवेवर पोचला तर देवळासमोर कोंडाजी हात आडवा करून उभे, मागे निम्मी वाडी.

“सायब, गाडी हितंच थांबवा,” कोंडाजी म्हणाले. “तुमाला सांगायला नगं, पर डायवरला ठावं नसंल. आज मोडा हाय.”

मोडा म्हणजे काय, ते जयसिंगरावांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. मंगळवार हा वाघजाईचा वार. त्या दिवशी वाडीत औत धरायचं नाही, ही जुनी रीत. पुढे औताच्या जागी ट्रॅक्टर आला, तेव्हा रीत ट्रॅक्टरला लागू झाली. मग मोटर, गिरणी, जेसीबी असं जे जे येत गेलं ते ते मंगळवारी बंद राहत गेलं. आता वाडीत मंगळवारी काही घरघरलं तर लोक त्या घरच्यांशी आठवडाभर बोलत नसत.

जयसिंगरावांना ही शिस्त फार आवडली. त्यांनी वहिनींकडे अभिमानाने पाहिलं. वहिनी मात्र विचारात पडल्या होत्या.

“तुम्ही जागा बघायला कधी आला होता?” त्यांनी विचारलं.

“तीन वेळा आलो होतो.”

“वार कुठला होता?”

“मंगळवार.”

“तिन्ही वेळा?”

“तुलना करायची तर वार तोच लागतो,” जयसिंगराव म्हणाले, पण वाक्याच्या शेवटापर्यंत त्यांचा आवाज पोचला नाही.

 वहिनी वाघजाईच्या पायरीवर जाऊन बसल्या आणि ट्रककडे बघत राहिल्या. ट्रक अजून भरलेला होता आणि त्याचं तोंड फलटणकडेही वळू शकत होतं, हे जयसिंगरावांनाही दिसत होतं.

सामान उद्या उतरवावं का, असं त्यांनी विचारलं. कोंडाजी म्हणाले, “उद्या कशापायी? मोडा यंत्राला हाय, मानसाच्या हाताला न्हाई.” मंगळवार असल्याने सगळी वाडी मोकळीच होती. बघता बघता बायांनी चुंबळी केल्या, बाप्यांनी खांदे दिले आणि निकमांचा संसार चालू लागला. नाव, हुद्दा आणि नंबर रंगवलेल्या काळ्या पेट्या, कूलर, गाद्या, जुईलीचं टेबल, सगळं रांगेने निघालं. कोंडाजींच्या घरच्या तुळजाबाईंनी डोक्यावरचा मिक्सरचा खोका एका हाताने धरला आणि दुसऱ्या हाताने वहिनींना पायरीवरून उठवलं. “चल पोरी, आधी जेव. नवऱ्यावर मागनं रुसता येतंय.”

मंगळवारची रात्र गाढ शांततेत गेली; फलटणच्या धास्तीने जयसिंगरावांचा डोळा लागला नव्हता. बुधवारी पहाटे गोदामाचं कुलूप निघालं. ती भाताची गिरणी होती. शेजारी पिठाची चक्की होती आणि मे महिना असल्याने मिरची कांडपाचं यंत्र होतं. पहिल्या ठोक्याला निकमांच्या भिंतीवरचं घड्याळ खाली आलं आणि पहिल्या घाण्याला तिघांनाही शिंका लागल्या. थोड्या वेळाने वरच्या प्लॉटवर जेसीबी आला, त्याच्यामागून बोअर मारायची गाडी. आदल्या दिवशीची सगळी तुंबलेली गाणी ट्रॅक्टरवाल्यांनी बुधवारी वाजवली. संध्याकाळी ओढ्यापलीकडच्या मंगल कार्यालयातून वरात निघाली. मंगळवारी तिथे लग्न घेत नसत, त्यामुळे बुधवारी दोन होती.

जयसिंगराव कोंडाजींकडे गेले आणि शक्य तितक्या सौम्यपणे म्हणाले, की हे आधी सांगायला हवं होतं. कोंडाजींना ते खरंच कळेना.

“तुमी तर नेमकं मोड्याला यायचा. गाडी शिवंवर ठेवायचा, देवीफुडं टोपी काढायचा, हितं डोळं मिटून बसायचा. आमी म्हनलं, मिल्ट्रीवाला आसून लई भाविक हाय. म्हनून तर भाडं कमी केलं.”

 भाविक नाही म्हणावं तर भाडं वाढणार. जयसिंगराव नमस्कार करून परत आले.

वहिनींनी आठवडाभरात पेट्या उघडल्या, पण एक पेटी कोपऱ्यात तशीच ठेवली. रोज संध्याकाळी घरी आले की जयसिंगराव आधी ती कुलूपबंद पेटी फलटणला निघालेली नाही ना, हे बघत. शेवटी त्यांनी मानापमान गुंडाळून ठेवला, मोठ्या साहेबांसमोर उभं राहून दहावीचं आणि गिरणीचं सगळं सांगितलं, आणि रांग ओलांडून क्वार्टर मिळवलं. कोपऱ्यातलं, आमराईशेजारचं, जिथे पान पडलं तर ऐकू येतं. यासाठी रविवारची मोजदादही त्यांनी कायमची अंगावर घेतली.

घरी आले तेव्हा गिरणी जोरात होती. वहिनी तुळजाबाईंबरोबर पडवीत कुरडया घालत बसल्या होत्या. दोघी गिरणीच्या वरच्या पट्टीत बोलत होत्या आणि हसत होत्या. वहिनींना असं हसताना जयसिंगरावांनी किती वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांनी क्वार्टरची बातमी दिली.

“बरं झालं मिळालं ते,” वहिनी म्हणाल्या. “पण आम्ही काही येत नाही.”

“फलटणला जाणार?” जयसिंगरावांनी विचारलं. 

“फलटण कशाला? इथंच राहणार. इतक्या बदल्या झाल्या, पण दार न वाजवता आत येऊन भाजीत मीठ कमी आहे असं सांगणारी बाई मला पहिल्यांदा भेटली. मला जायचं नाही.”

मग ती पेटी का उघडली नाही, असं त्यांनी विचारलं. तिच्यात गरम कपडे आहेत, मे महिन्यात काय करू, असं वहिनी म्हणाल्या. राहिली जुईली. पोरगी बॅगपाइपवर वाढलेली, तिला गिरणी सुरू असली की गणितं पटापट सुटत. मंगळवारी शांततेमुळे तिला अभ्यासच सुचत नसे, त्या दिवशी ती भाषेचे विषय घेई.

जयसिंगरावांचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी घरी यावं, पोरीने समोर बसावं, एवढंच त्यांनी मागितलं होतं आणि ते मिळालं होतं. त्यांनी क्वार्टर परत केलं. (साहेबांनी क्वार्टर परत घेतलं. मोजदाद मात्र परत घेतली नाही.) एकच अडचण होती. रात्री उशिरापर्यंत आणि पुन्हा पहाटे चालणाऱ्या गिरणीच्या आवाजात त्यांना झोप येत नसे, म्हणून आठवड्याची सगळी झोप ते मंगळवारी दुपारी काढू लागले.

एका बुधवारी सकाळी कोंडाजी दारात आले. ते आत येईनात, बसेनात. टोपी हातात घेऊन म्हणाले, की काल वाडीत थोडी भानगड झाली. भर मोड्याला कुठेतरी गिरणी चालू असल्याचा आवाज येत होता, पार पलीकडच्या डोंगराला लागत होता. लोक खवळले आणि शोधायला निघाले.

“माज्या गिरणीच्या इंजनाला हात लावून पायला. गार होतं,” कोंडाजी म्हणाले. “मग आवाजाच्या मागं मागं आमी तुमच्या खिडकीशी आलो.”

वहिनी स्वयंपाकघरात एकदम काहीतरी शोधू लागल्या. जुईलीने पुस्तक तोंडासमोर धरलं.

“सायब, देवी समजून घील. पर वाडीची मानसं म्हनत्यात, नियम म्हंजी नियम.”

तेव्हापासून मंगळवारी जेवण झालं की जयसिंगराव उशी घेऊन शिवेपर्यंत चालत जातात, देवळापाशी टोपी काढतात आणि मोटरसायकलवरून डेपोच्या मेसमध्ये झोपायला जातात. पहिल्या मंगळवारी त्यांनी जुन्या खोलीचं दार उघडलं तेव्हा वाल्मीक आत वाचत पडला होता. त्याची तब्येत चांगली सुधारली होती, डोळेही पांढरेशुभ्र झाले होते. त्याने जयसिंगरावांकडे पाहिलं, मग त्यांच्या काखेतल्या उशीकडे पाहिलं.  आपली गादी गुंडाळून त्याने खांद्यावर टाकली आणि दारातून वळून, ते क्वार्टर अजून रिकामं आहे का, एवढंच विचारलं.