किर्कमोऱ्याचे माने काका

बॉथेलमधल्या आपल्या घराचा पत्ता सांगताना माने काका रस्त्याचं नाव सगळ्यात शेवटी सांगतात. आधी चतुःसीमा. पूर्वेस कोरियन बाईंचं कुंपण, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस कॉलनीचा रस्ता, उत्तरेस फरच्या झाडांची रांग. एकदा पिझ्झा आणणाऱ्या मुलालाही त्यांनी फोनवर या चारी बाजू सावकाश ऐकवल्या. पिझ्झा पार गार होऊन आला. काकांचं म्हणणं एवढंच, की घर तर सापडलं ना त्याला.

परदेशी शिकायला आलेली मी त्यांच्या घराच्या खालच्या मजल्यावर भाड्याने राहते. पहिल्या दिवशी दोन बॅगा घेऊन दारात उभी होते, तर त्यांनी नावाआधी गाव विचारलं. मी सवयीने "पुण्याजवळ" म्हणाले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडिलांची पिठाची गिरणी आहे. विमानात शेजारच्या मुलीने विचारलं तेव्हाही मी पुण्याजवळच म्हणाले होते, आणि ते पुणं आमच्या गावापासून अख्ख्या रात्रीच्या प्रवासावर आहे.

"जवळ कुणी जन्मत नाही," काका म्हणाले. "गाव सांग."

मी म्हटलं, हिंगोलीकडचं. त्यांना 'कडचं'ही चालेना. शेवटी मी कवडगाव खुर्द म्हणाले, तेही इतक्या हळू की त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं. मग तिथेच उभ्या उभ्या चतुःसीमा झाली. पूर्वेला नदी, उत्तरेला गायरान, दक्षिणेला कवडगाव बुद्रुक, ज्यांच्याशी आमचं पटत नाही. पश्चिमेला काय ते सांगताना मी अडखळले, कारण तिकडे मसणवटा आहे. काका उलट खूश झाले. "म्हणजे चांगलं जुनं गाव आहे," म्हणाले, आणि माझी जड बॅग स्वतः उचलून खाली घेऊन गेले. आमच्या गावाबद्दल इतक्या मानाने कुणी बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. आता डिपार्टमेंटमध्ये कुणी विचारलं तर मी कवडगाव खुर्दच सांगते. समोरच्याला काही कळत नाही, पण मला बरं वाटतं.

एवढं वाचून कुणालाही वाटेल, काका स्वतःच्या गावाबद्दल भरभरून बोलत असतील. तसं नाही. सांगली जिल्ह्यातलं आपलं गाव ते एका वाक्यात उरकतात. ते बोलतात किर्कमोऱ्याबद्दल.

किर्कमोरा हा स्कॉटलंडमधला एक लहानसा पॅरिश. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख. वाड्यावस्त्या, शेतं, डोंगर, सगळं धरून. काकांच्या भाषेत "गाव आणि त्याचं शिवार, देवळासकट". तिथली प्रत्येक गोष्ट ते अशी आपल्या हिशेबात बसवून सांगतात. चर्चच्या नावची जमीन म्हणजे देवस्थान इनाम. घंटा वाजवणारा आणि कबरी खणणारा माणूस म्हणजे गुरव. रविवारी कोण दारू प्यायलं आणि कुणाचं कुणाशी जमलं याचा निवाडा पाद्री आणि जाणती मंडळी करायची, ती पंचायत. पश्चिमेच्या माळावर एक उंच दगड उभा आहे, तो कुणी आणि कधी रोवला हे कुणालाच माहीत नाही. तो अर्थात म्हसोबा.

उत्तरेला दोन डोंगर, त्यातला एक कायम ढगात. मधून ओढा. माती हलकी, पीक ओटचं आणि बटाट्याचं. पूर्वी साऱ्या जमिनीचा मालक एक जहागीरदार. त्याने मेंढ्या पाळायच्या म्हणून डोंगराकडच्या वाड्या उठवल्या, माणसं बोटीत बसून परमुलखात गेली. हे सांगताना काकांचा आवाज असा चढतो, की तो जहागीरदार इथे दोन गल्ल्या सोडून राहतो असं वाटावं. नंतर पॅरिशमध्ये रेल्वे येणार म्हणून मोजणी झाली, आणि ती गेली शेजारच्या पॅरिशला. हे ऐकलं तेव्हा मला किर्कमोऱ्याबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली. आमचा एसटीचा थांबा असाच बुद्रुकला गेला.

या सगळ्याचं कारण एल्सीकाकू. त्या किर्कमोऱ्याच्या. इथल्या विमानाच्या कारखान्यात काका इंजिनिअर होते आणि काकू ड्रॉइंग काढायच्या, तिथे जमलं. मी यायच्या आधीच त्या गेल्या, त्यामुळे मी त्यांना फोटोतच पाहिलंय, बाकी महाराष्ट्र मंडळातल्या बायकांकडून ऐकलंय. त्या मराठी शिकल्या होत्या. थालीपिठाला 'आमच्या ओटकेकची', म्हणजे तिकडच्या ओटच्या भाकरीची, 'थोरली बहीण' म्हणायच्या आणि काकांना 'अहो माने' अशी हाक मारायच्या.

लग्नानंतर दोघं एकदाच किर्कमोऱ्याला गेले. काकूंच्या वडिलांनी फाटकातूनच परत पाठवलं. हद्दीबाहेरच्या माणसाशी लग्न केलंस, आता हद्दीबाहेरच राहा, म्हणाले. परतीची बस संध्याकाळी होती. तोवर करायचं काय, म्हणून एल्सीकाकूंनी दुपारभर नवऱ्याला सगळं शिवार हिंडून दाखवलं, चर्चच्या आवारासकट.

"त्यामुळे मला एक त्यांचं घर सोडलं तर सगळं गाव माहीत आहे," असं काका सांगतात आणि हसतात. ऐकणाऱ्याने हसायचं की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

तिथे एक रीत आहे. चर्चच्या आवारात घराघराचे दगड असतात, आणि त्यांवर फक्त तिथे पुरलेल्यांचीच नावं असतात असं नाही. घरातलं माणूस दूरदेशी वारलं तरी त्याचं नाव आईबापांच्या नावाखाली कोरतात, कुठे वारलं तेही लिहितात. किर्कमोऱ्यातल्या दगडांवर कॅनडा आहे, मुंबई आहे, बुडालेली जहाजं आहेत. एल्सीकाकू नाहीत. वडील जाऊन खूप वर्षं झाली. आता त्या दगडावर हक्क काकूंच्या धाकट्या भावाचा, ह्यूचा. काकू गेल्यावर काकांनी त्याला विचारलं, तिचं नाव लावशील का. उत्तर एका ओळीचं आलं. ती हद्द सोडून गेली.

काकांनी ते मनावर घेतलं. एल्सीने हद्द सोडली नव्हती हे त्यांना ह्यूला पटवायचं होतं, आणि त्यासाठी त्यांनी जवळजवळ सगळा किर्कमोराच बॉथेलला आणून ठेवला. जे मिळेल ते वाचलं, नकाशे मागवले. घरामागच्या ओढ्याला ते तिथल्या ओढ्याच्या नावाने बोलावतात. मोठं किराणा दुकान त्यांच्या मते देवस्थान इनामात येतं. कुठे निघालात विचारलं तर म्हणतात, "इनामातून दूध घेऊन येतो."

तिकडे ह्यू कशालाच उत्तर देईना. मग काकांनी अस्सल गावाकडची युक्ती केली. पॅरिशचा एक नकाशा स्वतः काढून पाठवला, आणि त्यात ह्यूच्या शेताचा बांध मुद्दाम ओढ्याच्या अलीकडे दाखवला. म्हणजे ओढा शेजाऱ्याचा झाला. लगेच दुसऱ्या दिवशी उत्तर हजर, आणि ते एका ओळीचं नव्हतं.

"पोरी, माणूस एक वेळ सुखदुःखाला बोलणार नाही," काका मला म्हणाले, "पण बांध सरकला की बोलणारच. कवडगाव काय नि किर्कमोरा काय."

त्यानंतर सगळा हिवाळा दोघं ओढे, बांध आणि पायवाटांवरून एकमेकांशी भांडत राहिले. एल्सीकाकूंचं नाव त्यात कुणी काढलं नाही.

मंडळात दर महिन्याला कुणीतरी आपल्या छंदावर बोलतं. यंदा काकांची पाळी आली आणि त्यांनी प्रमुख पाहुणा म्हणून ह्यूला व्हिडिओ कॉलवर बोलावलं. ह्यूने कळवलं, तुझ्या चुका काढायला येतो. शनिवारी सकाळी, म्हणजे त्यांच्याकडे संध्याकाळी. गाडीत काका भाषणाचे मुद्दे घोकत होते. आज ते नावाचं विचारणार होते, चारचौघांसमोर, कारण पंचायतीपुढे नाही म्हणणं जड जातं. आधी विचारू की शेवटी, असं त्यांनी मला विचारलं. मी शेवटी म्हणाले.

शाळेच्या हॉलमध्ये लोक बऱ्यापैकी आले होते. निम्मे नंतरच्या बटाटेवड्यांसाठी आले असावेत, पण आले होते. प्रोजेक्टर आयत्या वेळी रुसला. म्हणून ह्यू टेबलावरच्या लॅपटॉपमध्येच राहिला, आवाज तेवढा स्पीकरवर घेतला. डोक्यावर टोपी, चेहरा त्या माळावरच्या म्हसोबासारखा. काकांनी दोन डोंगरांपासून सुरुवात केली. ह्यू अधूनमधून थांबवायचा. वारा त्या बाजूने येत नाही. ती वाडी आधी उठली, ही नंतर. एका लहान मुलाने इंग्रजीत विचारलं, तिकडे वायफाय आहे का. ह्यू म्हणाला, वारा नसला की असतं. लोक हसले. ह्यू हसला नाही.

रेल्वे शेजारी गेली तिथवर काका आले आणि थांबले. आता विचारणार, एवढ्यात मंडळाच्या अध्यक्ष नाडकर्णी काकू शाल-श्रीफळ घेऊन उठल्या. त्यांना वाटलं, भाषण संपलं. मंडळात आलेला पाहुणा शाल-श्रीफळाशिवाय जात नाही, हा त्यांचा नियम आहे, आणि पाहुणा लॅपटॉपमध्ये असला म्हणून त्यांनी तो मोडला नाही. शाल उलगडून त्यांनी लॅपटॉपला दोन्ही बाजूंनी नीट पांघरली, पुढ्यात नारळ ठेवला. कुंकू लावायला बोट पुढे केलं, ते मी कसंबसं थांबवलं. टाळ्या वाजल्या.

शालीच्या आतून आवाज आला, तुमच्याकडचे दिवे गेले का.

काका घाईघाईने पुढे झाले. काही नाही, हा तुझा सत्कार आहे, थांब, काढतो, असं काहीतरी इंग्रजीत म्हणाले.

"काढू नको," ह्यू म्हणाला. "बोल पुन्हा."

"काय बोलू?"

"काहीही. अंधारातच बोल."

काका गोंधळले. मग त्यांनी विचारलं, ओढ्याला पाणी किती आहे सध्या. काकांचं इंग्रजी, तो घोळवलेला र, वाक्याच्या शेवटी वर जाणारा सूर, हे सगळं आम्ही आजवर सांगलीचं समजत होतो. मला वाटतं, त्या हॉलमध्ये ते सगळ्यांना एकदमच लक्षात आलं.

"तू तिच्यासारखा बोलतोस," ह्यू म्हणाला.

"शाळेतलं माझं इंग्रजी इथे कुणाला कळत नव्हतं," काका म्हणाले. "बोलायला तिनेच शिकवलं."

मग ह्यूने विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलायची?"

काकांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही तिथे आहोत हे त्यांना आठवलं असावं, आणि चालेल असंही वाटलं असावं. ते खुर्ची ओढून लॅपटॉपशेजारी बसले, आजाऱ्याच्या उशाशी बसतात तसे.

"शेवटी शेवटी ती मला ओळखत नव्हती," ते म्हणाले. "मला ह्यू म्हणायची. एकदा म्हणाली, ह्यू, आईच्या नावाखाली माझं नाव लावशील ना?"

"मग?"

"तू हो म्हणालास."

"मी हो म्हणालो?"

"लगेच म्हणालास. जराही विचार केला नाहीस."

नाडकर्णी काकू शाल काढायला पुढे सरकल्या. काकांनी हातानेच त्यांना थांबवलं. शालीखाली जोरात नाक शिंकरल्याचा आवाज झाला, स्पीकरवर असल्यामुळे तो मागच्या रांगेपर्यंत गेला. आम्ही सगळे जमिनीकडे बघत बसलो.

"शब्द दिलाय म्हटल्यावर कोरायला हवं," शेवटी ह्यू म्हणाला. आवाज पुन्हा बांधाचं भांडण करतानाचा झाला होता. "आडनाव कुठलं लावायचं? आमचं की तुझं?"

"दोन्ही लाव," काका म्हणाले. "दगड रुंद आहे. मी पाहिलाय."